‘माझा प्रवास’ आणि महाजालावरील चित्रफिती : साधनचिकित्सेच्या दृष्टीने एक विचार

प्रास्ताविक

साहित्य, प्रवास आणि इतिहास या तिन्ही क्षेत्रांना सारखेच मोलाचे वाटणारे ग्रंथ मराठीत थोडे आहेत. विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ हा त्यांपैकी एक होय. या ग्रंथात येणारी झाशी, ग्वाल्हेर, काळपी ही स्थळे आज महाजालावरील चित्रफितींतून घरबसल्या पाहता येतात. यूट्यूब हे संकेतस्थळ 2005 मध्ये सुरू झाले. त्यानंतर हौशी प्रवाशांनी चित्रित केलेल्या किल्ल्यांच्या व वाड्यांच्या चित्रफिती त्यावर मोठ्या प्रमाणात उपलब्ध होत गेल्या. विद्यार्थ्याची ऐतिहासिक स्थळाशी पहिली ओळख पुष्कळदा अशा चित्रफितीतूनच होते. म्हणून इतिहासाचे साधन या नात्याने तिची योग्यता कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात झाशीच्या वृत्तांताच्या आधारे केला आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी

विष्णुभट हे कुलाबा (सध्याचा रायगड) जिल्ह्यातील वरसईचे भिक्षुक. घरच्या कर्जाची विवंचना दूर व्हावी, या हेतूने ते 1857 मध्ये आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे यांच्या संकल्पित यज्ञात दक्षिणा मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते उठावाच्या धामधुमीत सापडले. मार्च 1858 मध्ये सर ह्यू रोज यांच्या सैन्याने झाशीला वेढा घातला, तेव्हा ते त्या शहरातच होते. झाशीचे नेवाळकर घराणे मूळचे कोकणातले असल्याने तेथे मराठी कुटुंबांची वस्ती होती. परमुलखातील या भिक्षुकाला आश्रय मिळाला, तो या संबंधामुळेच.

हा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहिला गेला आणि त्यांनीच तो 1907 मध्ये प्रसिद्ध केला. मात्र छापताना त्यांनी मूळ मजकुरावर संस्कार केले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाखाली 1966 मध्ये निघाली. अर्थात जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक जे वाचत होता, ते संपादकाच्या हातून गेलेले रूप होते. चित्रफितीचा विचार करताना ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

चित्रफितीचे सामर्थ्य

झाशीचा किल्ला सतराव्या शतकाच्या प्रारंभी ओरछाचे राजे बीरसिंहदेव बुंदेला यांनी टेकडीवर बांधला. टेकडीचा चढ, बुरुजांची उंची, किल्ला आणि शहर यांतील अंतर या बाबी शब्दांतून पुरत्या उमजत नाहीत. वरून घेतलेल्या चित्रीकरणात त्या क्षणात स्पष्ट होतात. शहर शत्रूच्या हाती गेल्यावरही किल्ला काही काळ का टिकून राहिला, हेही मग विद्यार्थ्यास सहज कळते. ज्या महाविद्यालयांना दूरची अभ्याससहल परवडत नाही, त्यांच्यासाठी ही सोय उपेक्षणीय नाही.

चित्रफितीच्या मर्यादा

तथापि चित्रफीत आजचे स्थळ दाखवते, 1858 चे नव्हे. ज्या पेठांतून विष्णुभट जीव मुठीत धरून वावरले, त्या पेठांचे रूप आज पालटले आहे. दुसरे असे की, छायाचित्रक कोठे ठेवावा, कोणता भाग गाळावा, पार्श्वसंगीत कोणते असावे, हे निर्मात्याने ठरवलेले असते. वैद्यांच्या संपादनाची चिकित्सा पोतदारांच्या आवृत्तीमुळे करता आली. चित्रफितीतून गाळलेला भाग मात्र सहसा कोणाच्याच हाती लागत नाही.

तिसरी मर्यादा लोकस्मृतीची आहे. राणी लक्ष्मीबाईंनी घोड्यासह उडी घेतली, असे सांगून किल्ल्यावर एक जागा दाखवली जाते. चित्रफितीत ती जागा दिसते आणि दिसल्यामुळेच घटना सिद्ध झाल्यासारखी वाटते. विष्णुभटांच्या वृत्तांतात राणी रात्री मुलाला पाठीशी बांधून, स्वारांसह घोड्यावरून शहराबाहेर पडतात. विष्णुभटांचा शब्दही अंतिम मानण्याचे कारण नाही. त्यांनी पाहिलेले कोणते व ऐकलेले कोणते, हे निवडावेच लागते. परंतु जागेचे अस्तित्व हा घटनेचा पुरावा होत नाही, हा भेद विद्यार्थ्याच्या मनात ठसला नाही, तर उत्तरपत्रिकेत दंतकथा इतिहास म्हणून उतरते.

अध्यापनातील उपयोग

यावर चित्रफिती वर्ज्य करणे हा उपाय नव्हे. प्रथम वृत्तांतातील प्रकरण वाचावे, त्यातील स्थळांची यादी करावी आणि मग चित्रफीत पाहावी. चित्रीकरण कोणी, केव्हा व कशासाठी केले, निवेदनातील विधानांना आधार कोणता, हे प्रश्न विद्यार्थ्यांनीच विचारावेत. बखरीला आपण जे प्रश्न विचारतो, तेच हे प्रश्न आहेत. साहित्य आणि इतिहास या दोन्ही विभागांनी हा उपक्रम संयुक्तपणे राबवल्यास तो अधिक फलदायी ठरेल.

समारोप

झाशी पडल्यानंतरची कत्तल आणि लूट यांबरोबरच तेथील ग्रंथसंग्रहाच्या नाशाचीही नोंद विष्णुभटांनी केली आहे. तो संग्रह आता कोणत्याही छायाचित्रकाला टिपता येणार नाही. तो होता आणि नष्ट झाला, हे एका भिक्षुकाने लिहून ठेवले म्हणून कळते. जे उरले ते चित्रफीत दाखवते. जे गेले त्याची साक्ष ग्रंथ देतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या दोहोंची गरज आहे; मात्र पाहण्याआधी वाचण्याची सवय त्याला लावणे हे अध्यापकाचेच काम आहे.