शिवेपार जाणारी मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरातली इडापिडा शिवेपार नेणाऱ्या मारबतीचा इतिहास सांगायचा म्हटला की जो तो नागपूरच्या इतवारीतून सुरुवात करतो. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून, ही सालं तिथल्या मंडळींच्या तोंडपाठ आहेत आणि ती बरोबरच असतील. पण ती पुतळ्यांच्या मिरवणुकीची सालं आहेत. मारबतीचं मूळ गाव शोधायचं तर वैनगंगेच्या काठाकाठानं वर, बालाघाट-वारासिवनी-लांजीच्या धानपट्ट्यात जावं लागतं. तिथं ती अजून घरातली बाई आहे. घरच्यांच्याच हातांनी निघते आणि शिवेपार जाते.

बालाघाट जिल्हा इंग्रजांनी 1867 मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे तुकडे जोडून केला. इंग्रज येण्याआधी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि बाघ नि बावनथडी या नद्या बऱ्याच लांबीवर राज्यांची हद्द झाल्या. सणांनी मात्र ही हद्द मानली नाही. पोवारी, मराठी, गोंडी, हिंदी अशा मिसळीत बोलणाऱ्या या गावांत पोळा एकाच दिवशी असतो. आपल्या पंचांगात ती श्रावणी अमावस्या, पिठोरी. पलीकडच्या पौर्णिमान्त पंचांगात तीच भादव्याची अमावस्या. दुसऱ्या दिवशीच्या सणाला कुणी मारबत म्हणतं, कुणी मारबोद, तर बालाघाटकडे बहुतेक नारबोद.

पोळ्याचा आदला आणि पोळ्याचा दिवस बैलांचा. खांदे शेकायचे, तूप-हळद चोळायची, उद्या जेवायला या म्हणून आवतण द्यायचं. सकाळी नदीवर धुणं, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. घरात कुसली, पापडी, वडे. संध्याकाळी आखरावर, म्हणजे गुरं जमायच्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण, झडत्यांची म्हणजे पोळ्याच्या गीतांची चढाओढ, आणि मग पोळा फुटतो. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या 1916 च्या आपल्या ग्रंथात, कुणब्यांवरच्या प्रकरणात, या सोहळ्याचं बारीक वर्णन केलं आहे. सर्वांत पुढे एक म्हातारा बैल, त्याच्या शिंगांवर मशाली लावलेलं लाकडी मखर. तो तोरण तोडून गावाकडे धावतो आणि बाकीचे त्याच्यामागे. हा मखराचा बैल तीन वर्षांच्या आत जातो, अशी समजूत होती. त्याच्यामागे मालगुजाराचे, म्हणजे गावच्या जमीनमालकाचे बैल, मग कुळांचे, आणि तेही संपत्तीपेक्षा घराण्याच्या मानानुसार. रांगेत आपली जागा चुकली तर कुणब्याच्या मनाला ते फार लागायचं, असं त्यांनी मुद्दाम नोंदवलं आहे. 1951 मध्ये मालगुजारी संपली. मानाच्या जागेवरून होणारी धुसफूस त्यानंतरही कितीतरी वर्षं चालली.

मारबतीला रांग नाही, आणि मला या सणाचं सगळं सत्त्व यातच दिसतं. पोळ्यात ज्याच्याकडे बैल नाही तो बघ्या. मारबत ज्याला दार आहे त्या प्रत्येकाची.

पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या डहाळ्या उभ्या करतात, त्यांना मेढे म्हणतात. हळदकुंकू लावून पूजा होते. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी घरातली बाई उठते. आदल्या रात्री सासूनं बजावलेलं असतं, ‘‘बाई, कोपरा न् कोपरा झाड जो.’’ चुलीमागचा, कोठीखालचा, गोठ्याच्या गव्हाणीतला केर निघतो. झिजून मुठीएवढा उरलेला खराटा आणि दांड्या तुटलेलं सूप हे याच दिवसासाठी राखलेले असतात. केर सुपात, सूप पोराच्या डोक्यावर, डहाळी बापाच्या नाहीतर थोरल्या भावाच्या हातात. बोळ वळेपर्यंत शेजारची दोन घरं येऊन मिळतात आणि ओरडा सुरू होतो. खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा, माशा-डास-ढेकूण घेऊन जा, घेऊन जा गे मारबत! शिवेवर सगळं फेकायचं, काही ठिकाणी पेटवायचं. पावसाळाभर ज्या गेड्यांवर पोरं चिखलातून चालली त्या गेड्याही याच दिवशी तिथं टाकल्या जातात, आणि पोरांना त्याचं खरंखुरं वाईट वाटतं. मग अंघोळ, कालची उरलेली कुसली, आणि बैल राखणाऱ्या गड्याची बोजाऱ्यासाठी, म्हणजे बक्षिसीसाठी घरोघर फेरी. दुपारी कर, म्हणजे ज्यांच्याकडे चालतं त्यांच्याकडे मटण.

हाच दिवस का? गोष्ट सांगणारे पूतनेचं नाव घेतात: कृष्णानं मारलेल्या राक्षसिणीला गोकुळकरांनी शिवेबाहेर नेऊन जाळलं, ती ही मारबत. गोष्ट गोड आहे, पण मला खरं उत्तर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात दिसतं. या पट्ट्यात पीक धानाचं. आषाढ-श्रावणात चिखलणी नि रोवणी चालते. गुडघाभर पाण्यात बैलांचे खांदे सोलतात, बायांच्या पायांच्या बोटांत चिखल्या होतात. अमावस्येपर्यंत रोवणी उरकते, आणि त्याच सुमाराला बांध्यांतल्या साचलेल्या पाण्यावर डास माजतात, गोठ्यात माशा घोंगावतात, धानावर गादमाशी आणि तुडतुडे येतात. बैहरच्या जंगलपट्टीतला हिवताप तर पूर्वी कुप्रसिद्धच. डास आणि ताप यांचं नातं रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये सिद्ध केलं. गावाला कारण ठाऊक होतं असं म्हणणं बरोबर नाही, पण हंगाम पक्का ठाऊक होता. शेतातला हात मोकळा झाला की पहिला तो घराला लावायचा. तीन दिवसांनी गणपती येतात, त्यांना घर आयतं साफ मिळतं.

हा घरगुती विधी नागपुरात पोहोचला तेव्हा त्यानं राजकारण अंगावर घेतलं. दुसऱ्या रघुजींची राणी बांकाबाई इंग्रजांना मिळाली म्हणून काळी मारबत, असं तिथं सांगतात. बांकाबाईंचा मृत्यू 1858 चा, आणि त्याच्या चार-पाच वर्षंच आधी गव्हर्नर जनरल डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलेलं. हा राग लोकांनी वीस-पंचवीस वर्षं मनात धरला असेल तर नवल नाही. पिवळी मारबत तेली समाजानं उभी केली. सोबत बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे निघू लागले आणि भ्रष्टाचार, महागाई, पुढारी सगळेच ‘घेऊन जा’च्या यादीत बसले. केराऐवजी सरकार शिवेबाहेर टाकायची ही कल्पना मला थोर वाटते. पण तिला शब्द पुरवले ते खेड्यातल्या त्या पहाटेच्या ओरडण्यानंच.

आता उलटा प्रवासही झाला आहे. बालाघाट शहरातही नारबोदीचा पुतळा मिरवत नेऊन जाळतात. गावांत ट्रॅक्टर आले, आखरावरच्या बैलजोड्या विरळ झाल्या, पोळ्याला लाकडी नंदी पुजणारी घरं वाढली. नारबोदीला मात्र बैल लागत नाहीत. 2020 मध्ये करोनामुळे नागपूरच्या मारबतींची नेहमीची मिरवणूक निघू शकली नाही. खेड्यात मिरवणूक मुळातच नव्हती. आपल्या दारची डहाळी उचलून शिवेपर्यंत जायला घराला कुणाची परवानगी लागत नाही, आणि त्या साली काय घेऊन जा म्हणून ओरडायचं हे पोरांना शिकवावंही लागलं नसणार.