टाकळीचे दगड, गोंडी गाणं आणि नीतिसूत्रे : हिस्लॉप यांच्याकडून संशोधकाने काय घ्यावं?

नागपुरात शिकलात तर 'हिस्लॉप' हे नाव तुम्ही हजारदा ऐकलं असेल. सिव्हिल लाइन्समधलं कॉलेज, तिथे शिकलेले काका-मावश्या, 'मी हिस्लॉपचा' असं अभिमानाने सांगणारे निवृत्त मास्तर. पण ज्याच्या नावाने हे कॉलेज आहे तो माणूस कोण होता, असं विचारलं की बहुतेक जण 'कोणीतरी पाद्री होता ना?' इथपर्यंत येतात आणि थांबतात.

मीसुद्धा तिथेच थांबलो होतो. एमएस्सीला भूशास्त्र शिकताना दख्खनच्या लाव्हा थरांमधल्या जीवाश्मांवर वाचत होतो. १८५५ सालच्या एका शोधनिबंधाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येत होता: हिस्लॉप आणि हंटर, नागपूर परिसराचं भूशास्त्र आणि जीवाश्म. तेव्हा ट्यूब पेटली की हा तोच पाद्री.

या लेखात मी त्यांचं चरित्र सांगणार नाही. पीएचडीला नाव नोंदवण्याच्या तयारीत असणाऱ्यांना एका वेगळ्याच बाजूने काही सांगायचं आहे. हिस्लॉप ज्या धर्मग्रंथाचे प्रचारक होते, त्यात 'नीतिसूत्रे' नावाचं एक छोटं पुस्तक आहे. शहाणपणाने आणि मायेने कसं जगावं, हा त्याचा विषय. त्या पुस्तकाची फूटपट्टी लावली, तर संशोधक म्हणून हा माणूस कुठे उतरतो आणि कुठे कमी पडतो, हे बघू या.

आधी पुस्तकाबद्दल थोडं

नीतिसूत्रे हे बायबलच्या जुन्या करारातलं ३१ अध्यायांचं पुस्तक. परंपरेने ते शलमोन राजाच्या नावावर आहे. त्यात चमत्कार नाहीत, युद्धं नाहीत. आहेत ती रोजच्या जगण्यातली छोटी छोटी वाक्यं. मुंगीकडून कष्ट शिकावेत, तराजूत खोट ठेवू नये, चार जणांचा सल्ला घ्यावा, चूक दाखवणाऱ्यावर रागावू नये, उपकाराची फेड हातात असताना ती लांबणीवर टाकू नये, असा त्याचा एकूण सूर.

आपल्याला हा सूर ओळखीचा वाटतो, कारण आपल्याकडे हितोपदेश आहे. गंमत बघा, मराठी हितोपदेश १८१५ मध्ये छापला गेला तो बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात. विल्यम केरी यांच्या त्याच छापखान्यातून मराठी बायबलही येत होतं, आणि १८१६ मध्ये नागपूरकर राघोजी भोसल्यांची वंशावळही तिथूनच निघाली. म्हणजे शलमोनाचं शहाणपण आणि विष्णुशर्म्याच्या परंपरेतलं शहाणपण एकाच यंत्रावर छापून मराठीत उतरलं. ते मराठीत आणायला केरींच्या मदतीला वैजनाथ पंडित होते. हे नाव लक्षात ठेवा. मदतनीसांच्या नावाचा विषय पुढे परत येणार आहे.

हिस्लॉप नागपुरात

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च वेगळं झालं. हिस्लॉप या नव्या चर्चच्या बाजूने उभे राहिले आणि १८४५ च्या सुरुवातीला नागपुरात पोचले. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं आणि इंग्रजांची छावणी कामठीला. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. तिच्यातूनच पुढे, त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज उभं राहिलं.

एक पाद्री दगड का फोडत होता, असा प्रश्न पडला असेल. त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये यात विसंगत काही नव्हतं. ह्यू मिलर हे फ्री चर्चच्या वर्तमानपत्राचे संपादक होते आणि जीवाश्म माशांवरचे नावाजलेले अभ्यासकही होते. निसर्ग म्हणजे देवाचं दुसरं पुस्तक, अशी समजूत रूढ होती. नीतिसूत्रे हे पुस्तकही झाकलेलं शोधून काढणं हे राजाला शोभणारं काम मानतं. तेव्हा हिस्लॉप यांच्या दृष्टीने हातोडी आणि प्रार्थनेचं पुस्तक एकाच पिशवीत राहू शकत होतं.

टाकळीचे दगड : सल्ल्याचं शहाणपण

१८५१ मध्ये हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळच्या टाकळीला जीवाश्म सापडले. टाकळी तेव्हा वेगळं गाव होतं, आता ती शहराच्या पोटात आहे. काळ्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळाचा एक पातळ पट्टा होता आणि त्यात गोड्या पाण्यातले शंख, फळं-बिया, कीटकांचे अवशेष होते. आज आपण याला 'इंटरट्रॅपियन' थर म्हणतो. लाव्हाचा एक लोट येऊन गेला, मग बराच काळ शांतता. त्या काळात तळी झाली, झाडं वाढली, गोगलगायी आल्या. नंतर पुढचा लोट येऊन सगळं झाकून गेला.

इथे त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. हे दोघे भूशास्त्राचे पगारी अभ्यासक नव्हते. सगळं स्वतःच ओळखण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. शंखांचं वर्णन हिस्लॉप यांनी स्वतः केलं, पण कीटक अँड्र्यू मरे यांच्याकडे गेले आणि सूक्ष्म कवचधारी जीव रुपर्ट जोन्स यांच्याकडे. वनस्पतींचे जीवाश्म चार्ल्स बनबरी यांनी तपासून १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी रिचर्ड ओवेन यांच्या हाती गेली आणि १८५५ मध्ये तिला 'ब्रॅकिऑप्स' हे नाव मिळालं. डायनोसॉर हा शब्द घडवणारे ओवेन ते हेच.

म्हणजे सीताबर्डीच्या परिसरात बसलेला एक माणूस बोटीने महिनोन् महिने प्रवास करणारी खोकी पाठवत होता, आणि 'हे मला येत नाही, तुम्ही बघा' असं लिहीत होता. चार जणांचा सल्ला घ्यावा हे सूत्र पाठ असणं सोपं आहे. आपण महिनाभर उन्हात फिरून आणलेला नमुना दुसऱ्याच्या हाती देऊन नाव त्याला मिळू देणं अवघड. तुम्ही संशोधनात याल तेव्हा कळेलच.

हंटर तब्येतीमुळे १८५५ मध्ये परत गेले. पण त्या वर्षी छापलेल्या निबंधावर दोघांचीही नावं आहेत.

चुकीचं उत्तर, बरोबर काम

आता एक महत्त्वाची गोष्ट. टाकळीच्या थरांचं वय हिस्लॉप यांनी इओसीन ठरवलं, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचं. यावर पुढे पाऊणशे वर्षं वाद चालला. १९३० च्या दशकात बिरबल साहनींसारख्या मोठ्या अभ्यासकानेही वनस्पतींच्या पुराव्यावरून डायनोसॉरनंतरचाच काळ मांडला. आज किरणोत्सारी कालमापनामुळे आपल्याला माहीत आहे की दख्खनचे मुख्य उद्रेक साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरयुगाच्या अगदी शेवटाशी झाले. टाकळीचे थरही आता त्याच सुमाराचे मानले जातात.

म्हणजे हिस्लॉप चुकले? वयाच्या बाबतीत, हो. मग १७० वर्षांनीही त्यांचा संदर्भ का द्यावा लागतो? कारण कुठल्या ठिकाणी, कुठल्या थरात, काय सापडलं हे त्यांनी नीट लिहून ठेवलं. निष्कर्ष बदलला तरी नोंद टिकली. तराजू खोटा नसला की भाव नंतर बदलता येतो. तुमच्या प्रबंधातला शेवटचा अध्याय कदाचित वीस वर्षांत जुना होईल. तुमचा तक्ता प्रामाणिक असेल तर तो वापरात राहील.

गोंडी गाणं : मायेची परीक्षा

हिस्लॉप यांचं दुसरं मोठं काम माणसांबद्दलचं. मध्य भारतातल्या आदिवासींच्या भाषा आणि चालीरीती त्यांनी अनेक वर्षं टिपल्या. त्यात गोंडांच्या उत्पत्तीची आणि लिंगो या त्यांच्या दैवी पुरुषाची दीर्घ गाणी होती. एका परधानाच्या तोंडून ती उतरवून घेतली गेली. परधान म्हणजे गोंडांच्या कुळांची गाणी पिढ्यान् पिढ्या सांभाळणारा समाज. मूळ गोंडी शब्द रोमन लिपीत आणि सोबत इंग्रजी अर्थ, असा तो मजकूर आहे. नुसता सारांश देऊन ते मोकळे झाले नाहीत, मूळ शब्द ठेवले. म्हणून आजही गोंडी जाणणारा माणूस तो तपासू शकतो, चूक काढू शकतो. ऐकून घेणं हीसुद्धा माया असते, आणि मूळ शब्द राखणं ही तिची लेखी खूण.

पण इथेच फूटपट्टी अडते. हिस्लॉप यांचं ऐकून घेणं निरपेक्ष नव्हतं. ते धर्मांतरासाठी आले होते आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. समोरच्याचं गाणं टिपताना, त्याने ते गाणं शेवटी सोडून द्यावं अशीच त्यांची इच्छा असणार. शिवाय १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केल्यावर गोऱ्या पाद्र्याने विचारलेला प्रश्न आणि गावकऱ्याने दिलेलं उत्तर यांच्यामध्ये सत्ता उभी होतीच. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हिस्लॉप आहेत आणि संपादक आहेत. गाणाऱ्या परधानाचं नाव तिथे नाही.

हे वाचताना मी गप्पच झालो, कारण माझ्या फील्डच्या वहीत जीपीएसचे आकडे दशांशापर्यंत आहेत, पण मला नाल्यातली नेमकी जागा दाखवणाऱ्या काकांचं नाव नाही. 'स्थानिक वाटाड्या' एवढंच लिहिलंय. १८५० च्या दशकातल्या माणसाला मी काय बोलणार?

४ सप्टेंबर १८६३

त्या वर्षी मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेम्पल बोरीला मुक्कामाला होते. आजच्या बुटीबोरीचा हा परिसर. जवळच्या टाकळघाटला दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत, प्राचीन दफनांची. ती बघायला हिस्लॉप टेम्पल यांच्याबरोबर गेले. बाकीचे परतले, हिस्लॉप तिथली शाळा तपासायला मागे थांबले आणि संध्याकाळी घोड्यावरून एकटेच निघाले. पावसाने नाला फुगला होता. मुक्कामी घोडा पोचला, स्वार नाही. शोध घेतला तेव्हा त्यांचा मृतदेह पाण्यात मिळाला. सेहेचाळीसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

आदिवासींवरचं सगळं लिखाण तेव्हा हस्तलिखितातच होतं, अपुरं. टेम्पल यांनी ते संपादित करून १८६६ मध्ये छापलं. ते वाचून पुढे फोरसिथ यांनी १८७१ च्या आपल्या पुस्तकात लिंगोची कथा घेतली आणि ती जगभर पोचली. टाकळघाटचं उत्खनन शंभरेक वर्षांनी, १९६८-६९ मध्ये, नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी केलं आणि ती लोहयुगातली वस्ती असल्याचं दाखवलं. एकाचं अर्धं राहिलेलं काम दुसऱ्याने उचललं, कारण ते उचलता येईल अशा अवस्थेत होतं.

मग आपण काय करायचं?

हिस्लॉप यांना संत करायची गरज नाही आणि 'मिशनरी होता' म्हणून कचऱ्यात टाकायचीही नाही. इतिहास वाचताना या दोन्ही सवयी सोडल्या की शिकण्यासारखं बरंच हाती लागतं. नोंदणीआधी स्वतःला चार प्रश्न विचारा:

१. जे मला येत नाही, ते येणाऱ्या माणसाकडे मी पाठवतो का, की नाव वाटून जाईल म्हणून दाबून ठेवतो?

२. माझा निष्कर्ष चुकला तरी माझी नोंद दुसऱ्याच्या कामी येईल का?

३. उद्या मी नसलो, तर माझी वही कोणाला वाचता येईल का? तारीख, जागा, एकक, सगळं त्यात आहे का?

४. ज्यांनी मला वाट दाखवली, पाणी दिलं, गाणं ऐकवलं, त्यांची नावं त्यांना विचारून मी लिहिली आहेत का?

पहिल्या तीन प्रश्नांत शहाणपण आहे आणि हिस्लॉप त्यांत चांगल्या गुणांनी पास होतात. चौथा मायेचा. तिथे ते अडखळले, मीही अडखळलो.

गेल्या महिन्यात मी त्या गावी परत गेलो. काका भेटले, चहा झाला. नाव लिहू का विचारलं तर हसले आणि म्हणाले, 'लिहा ना, पण आडनावासकट लिहा, इथे त्या नावाचे तिघं आहेत.' प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ते आता आडनावासकट आहे.