प्राणाचे रसायन आणि एक मराठी विदुषी

दिल्ली आणि मराठी माणूस ह्यांच्या नात्याचा इतिहास सांगावयाचा झाला, की आपल्या स्मरणिकांची पाने पानिपतापासून सुरू होतात, १७७१ साली मराठी फौजांनी राजधानी हाती घेतल्याच्या वर्णनाने फुलतात, आणि १८०३ च्या पटपडगंजच्या लढाईपाशी येऊन उदास होतात. त्यानंतर नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे, पहाडगंज-करोलबागेतील बिऱ्हाडे, शाळा, गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग ह्यांची हकीगत येते. हा इतिहास आम्हांलाही प्रिय आहे. परंतु त्यात एक पान सहसा नसते. ते पान तलवारीचे नाही, लेखणीचेही नाही; ते परीक्षानळीचे आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ते येथे उघडावे, असे आम्हांस वाटते.

शिवाजी स्टेडियमजवळ लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजची जुनी वास्तू उभी आहे. स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी हे महाविद्यालय १९१६ साली सुरू झाले. केम्ब्रिजहून १९३९ साली मायदेशी परतलेल्या एका तरुण मराठी स्त्रीने येथे नव्याने उघडलेल्या जीवरसायनशास्त्र विभागाची प्रमुख म्हणून काम स्वीकारले. तिचे नाव कमला भागवत; पुढे त्या डॉ. कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या. मराठी वाचकाला त्यांची ओळख आणखी एका नात्याने पटेल. आणीबाणीच्या काळात, १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून निर्भयपणे बोलणाऱ्या दुर्गाबाई भागवत ह्या त्यांच्या थोरल्या भगिनी. एकीने लोकसाहित्याच्या मुळाशी जाण्याचा ध्यास घेतला, दुसरीने जीवनाच्या मुळाशी असलेल्या रसायनाचा. ताठ कणा मात्र दोघींचा सारखाच.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदुरास झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघांचेही शिक्षण बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत झालेले. मुंबई विद्यापीठाची पदवी उच्च गुणांनी मिळविल्यावर ह्या मुलीनेही तेथेच अर्ज करावा, ह्यात नवल नव्हते. पण अर्ज फेटाळला गेला. संस्थेचे संचालक नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते, आणि नकाराचे कारण एवढेच, की अर्जदार स्त्री होती. कमलाबाई बंगलोरला जाऊन थडकल्या आणि प्रवेशाचा आग्रह त्यांनी सोडला नाही. अखेर १९३३ साली प्रवेश मिळाला, पण अटींसह : पहिले वर्ष परीक्षेचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावयाचे, आणि आपल्या उपस्थितीने पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होऊ द्यावयाचे नाही. श्रीनिवासय्या ह्या कसोटीच्या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये ह्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षाअखेरीस रामन ह्यांचे समाधान झाले आणि संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली. त्या अटींचा अपमान मात्र आपण विसरलो नाही, असे कमलाबाईंनी उतारवयात जाहीरपणे सांगितले. रामन ह्यांची थोरवी मान्य करूनही हे नमूद करणे इतिहासकाराचे कर्तव्यच आहे.

ज्या शास्त्रासाठी हा हट्ट होता, त्याचे वय तेव्हा फार नव्हते. सजीवांतील द्रव्ये केवळ कोणा ‘प्राणशक्ती’च्या योगानेच निर्माण होतात, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. १८२८ साली व्होलर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने मूत्रातील यूरिया प्रयोगशाळेत बनवून दाखविला आणि ह्या समजुतीला पहिला तडा गेला. १८९७ साली बुखनरने यीस्टच्या पेशी वाटून त्यांचा रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी उरली नसताना साखर आंबली. किण्वन घडविणारे ते द्रव्य म्हणजे विकरे. पेशीचा व्यवहार हा रासायनिक व्यवहार आहे आणि त्याचे हस्तक ही विकरे आहेत, हे तेथून स्पष्ट होऊ लागले.

ह्या विचाराचे एक मोठे पीठ केम्ब्रिज येथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स ह्यांच्या प्रयोगशाळेत होते. कमलाबाई तेथे पोहोचल्या आणि प्रथम डेरेक रिक्टर, नंतर रॉबिन हिल ह्यांच्याबरोबर काम करू लागल्या. विषय होता वनस्पतींचे श्वसन. हाताशी होता साधा बटाटा. प्राण्यांच्या पेशींत ‘सायटोक्रोम’ नावाची लोहयुक्त प्रथिने श्वसनाचे काम करतात, हे केम्ब्रिजच्याच डेव्हिड केलिन ह्यांनी १९२५ पासून मांडले होते. बटाट्याच्या ऊतीवर काम करताना कमलाबाईंना वनस्पतीच्या पेशीतही सायटोक्रोम सी आढळले. हिल आणि भागवत ह्यांचे ह्या विषयावरील टिपण १९३९ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांच्या लहानशा प्रबंधाला केम्ब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानात तेथील ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात.

ह्या शोधाचे मर्म समजण्यासाठी पेशीच्या घरात डोकवावे लागेल. वनस्पतीची किंवा प्राण्याची पेशी म्हणजे नुसता रसाचा थेंब नव्हे. बाहेर स्निग्ध द्रव्यांचे पातळ पटल असते. कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला बाहेर ठेवावयाचे हे ते ठरविते. मध्यभागी केंद्रक, म्हणजे घराचे दप्तर. वंशपरंपरेची बहुतेक सारी नोंद तेथे डीएनएच्या रूपात जपलेली. प्रथिने घडविणारे रायबोसोम हे कारागीर. आणि तंतुकणिका म्हणजे ह्या घरातल्या चुली. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तेथे एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात दिले जातात, जशा विहिरीपासून घरापर्यंत रांगेने घागरी पोहोचवाव्यात. सायटोक्रोम सी हा ह्या रांगेतील एक हात. शेवटी इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळतात, पाणी तयार होते, आणि वाटेत मोकळी झालेली ऊर्जा पेशी आपल्या कामासाठी साठविते. आपण श्वास घेतो तो ह्या शेवटच्या घागरीसाठी. बटाटा, गहू, मोड आलेली मटकी आणि ती खाणारा माणूस, ह्या सर्वांच्या पेशींत हीच रांग उभी आहे.

पुढील संशोधनाने ह्या साम्याला आकडे दिले. माणसाचे सायटोक्रोम सी हे १०४ अमिनो आम्लांची माळ आहे. चिंपांझीच्या माळेत एकाही मण्याचा फरक नाही. ऱ्हीसस माकडाच्या माळेत एकाचा आहे. आणि गव्हाच्या माळेशीही निम्म्याहून अधिक मणी जुळतात. १९६७ साली फिच आणि मार्गोलियाश ह्यांनी अशा माळा ताडून पाहून सजीवांचा वंशवृक्षच रेखाटला. त्याच वर्षी लिन मार्गुलिस ह्यांनी प्रतिपादन केले, की तंतुकणिका ह्या मुळात स्वतंत्र जीवाणू होत्या आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत वस्तीला आल्या. तंतुकणिकांचे स्वतःचे डीएनए सापडल्याने आज ही उपपत्ती सर्वमान्य आहे. परक्या घरी बिऱ्हाड करावे, आपले थोडे दप्तर जपावे आणि त्या घराचा आधारस्तंभ व्हावे, ही गोष्ट दूरदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना समजावून सांगावयास नको.

मग पहिली पेशी कोठून आली? ह्या प्रश्नालाही हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेचा संबंध आहे. कमलाबाईंच्या आधी काही वर्षे तेथे जे. बी. एस. हाल्डेन अध्यापन करीत असत. रशियात ओपारिन ह्यांनी १९२४ साली आणि हाल्डेन ह्यांनी स्वतंत्रपणे १९२९ साली अशी कल्पना मांडली, की आदिम पृथ्वीवर ऑक्सिजन नसताना साध्या वायूंपासून सूर्यकिरणांच्या प्रभावाने सेंद्रिय द्रव्ये बनली आणि समुद्रात साचत गेली. त्या पातळ रश्श्यातून जीवनाचा उगम झाला. १९५३ साली शिकागो येथे स्टॅन्ली मिलर ह्या विद्यार्थ्याने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ ह्यांच्या मिश्रणातून विजेच्या ठिणग्या सोडल्या, तेव्हा काही दिवसांतच त्यात अमिनो आम्ले मिळाली. आदिम वातावरण तंतोतंत असेच होते असे आज मानले जात नाही. सागरतळावरील उष्ण झऱ्यांचा विचारही होतो, आणि प्रथिनांच्या आधी आरएनए हाच रेणू नोंद आणि काम दोन्ही करीत असावा, असे अनेकांचे मत आहे. मण्यांपासून जिवंत पेशीपर्यंतचा मार्ग अद्याप कोणी पुरता दाखविलेला नाही. हाल्डेन स्वतः १९५७ साली भारतात आले, ह्या देशाचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरात निवर्तले.

कमलाबाईंना परदेशात राहणे अशक्य नव्हते. पण त्या परतल्या. दिल्लीत काही काळ अध्यापन केल्यावर त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक झाल्या. १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. केम्ब्रिजची विद्या त्यांनी गरिबाच्या ताटापर्यंत आणली. कडधान्यांतील पचनास अडथळा करणाऱ्या प्रथिनांचा त्यांनी अभ्यास केला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या सूचनेवरून नीरा ह्या पेयाच्या पोषणमूल्यांवर दीर्घ संशोधन केले. आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया ह्यांना ती पूरक आहार म्हणून लाभते, असे दाखविले. ह्या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. अधिकार असूनही संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे यावयास चार वर्षांचा विलंब लागला. दरम्यान १९६६ साली स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या त्या संस्थापक-सदस्य होत्या. भेसळ ओळखावी कशी, हे त्या गृहिणींना शिकवीत.

१९९८ साली त्यांचे निधन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा गौरव योजिला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत त्यांची प्राणज्योत मालवली. ज्या नगरीने त्यांना पहिले विभागप्रमुखपद दिले, त्याच नगरीत मानाचा अखेरचा नारळ त्यांच्या ओटीत पडला.

महादजींचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या दिल्लीकर मराठी समाजाने ह्या विदुषीचाही तितकाच अभिमान बाळगावा, अशी आमची नम्र विनंती आहे. आपल्या घरांतील अनेक मुली आज ह्या राजधानीतील प्रयोगशाळांत काम करतात. कोणतीही अट न घालता त्यांना प्रवेश मिळतो. ते दार आपोआप उघडलेले नाही. एका मुलीने ते ठोठावले, अपमान सोसला, आणि आत जाऊन बटाट्याच्या पेशीत आणि आपल्या पेशीत एकच प्राणव्यवहार चालतो हे जगाला दाखविण्यास हातभार लावला. सर्व जीवमात्रांचे नाते जिने परीक्षानळीत पाहिले, तिला केवळ स्त्री म्हणून दाराबाहेर ठेवू पाहणारा काळ किती अज्ञानी होता, हे मुलाबाळांना सांगणे हेही मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांचे काम आहे.