बीचक्राफ्ट किंग एअर: ९० पासून ३६० पर्यंत, कोणतं मॉडेल काय आहे?

आपल्या फोनचं मॉडेल दरवर्षी बदलतं. पण एक विमान असं आहे, ज्याची मूळ रचना १९६४ पासून चालत आलीय आणि ते आजही नवीन बनतं. ते म्हणजे बीचक्राफ्ट किंग एअर. जुन्याच कोडवर नवी आवृत्ती काढणं हे माझं रोजचं काम, म्हणून मला हे विमान जवळचं वाटतं.

टर्बोप्रॉप म्हणजे काय?

जेटमध्ये मागे फेकलेल्या हवेचा झोत विमानाला पुढे ढकलतो. टर्बोप्रॉपमध्येही टर्बाइनच असतं, पण त्याची बहुतेक ताकद गिअरबॉक्समधून प्रोपेलर फिरवायला जाते. त्यामुळे वेग जेटपेक्षा कमी, पण इंधन कमी लागतं आणि छोटी धावपट्टीही चालते.

सुरुवात कशी झाली?

अमेरिकेतल्या विचिटा शहरातल्या बीचक्राफ्टकडे पिस्टन इंजिनांचं क्वीन एअर हे विमान होतं. त्यालाच कॅनडात बनलेली पीटी६ टर्बाइन इंजिनं आणि हवेचा दाब राखणारी केबिन दिली. झालं किंग एअर ९०!

मुख्य प्रकार

- ९० मालिका (१९६४): सगळ्यात छोटी. सी९० हे त्यातलं गाजलेलं मॉडेल.
- १०० (१९६९): लांब केबिन. बी१०० मध्ये मात्र पीटी६ ऐवजी गॅरेट कंपनीची इंजिनं.
- २००: पहिलं उड्डाण १९७२ मध्ये. इंग्रजी 'टी'सारखी शेपटी, हीच ओळख. वजनमर्यादा सुमारे ५,६७० किलो.
- ३५० (१९९०): आणखी लांब, पंखांच्या टोकांना विंगलेट, वजन सुमारे ६,८०० किलो. म्हणूनच अमेरिकेत हे उडवायला पायलटला वेगळं टाइप रेटिंग लागतं, २०० ला लागत नाही.
- ३६० (२०२०): यात ऑटोथ्रॉटल आलं. ते इंजिनची ताकद आपोआप सांभाळतं, मर्यादेबाहेर जाऊ देत नाही.

मग सगळं ऑटोमॅटिक झालं का?

नाही. २०१७ मध्ये मेलबर्नजवळच्या एसेंडन विमानतळावरून उडालेलं बी२०० काही सेकंदांतच शेजारच्या शॉपिंग सेंटरवर कोसळलं. पायलट आणि चार प्रवासी, पाचही जण गेले. तपासात निघालं की रडर ट्रिम टेकऑफच्या आधीपासूनच पूर्ण डावीकडे होतं. चेकलिस्ट नीट झाली असती तर ते दिसलं असतं.

ऑटोथ्रॉटल इंजिन सांभाळतं, ट्रिम नाही. मीही कधीकधी "काल तर चाललं होतं" म्हणून टेस्ट न करता कोड पुढे ढकललाय. माझं फक्त अ‍ॅप बंद पडलं. हा अहवाल वाचल्यापासून मात्र मी यादीतली एकही ओळ गाळत नाही.