ईमेल सर्व्हर एका ग्रुपमधून दुसऱ्यात हलवता येतो का?

मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज २००३ च्या ७०-२८४ या सर्टिफिकेशन परीक्षेचा अभ्यास करताना हा प्रश्न हमखास चकवायचा. मेलबॉक्स हलवता येते, मग सर्व्हर का नाही?

ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ग्रुप म्हणजे काय?
कोणत्या सर्व्हरचा कारभार कोणाच्या हातात, हे ठरवणारी विभागणी. सर्व्हर कोणत्या ग्रुपमध्ये जाणार, हे इन्स्टॉल करतानाच ठरतं. नंतर तो हलवता येत नाही.

मग पर्याय काय?
हव्या त्या ग्रुपमध्ये नवा सर्व्हर उभा करायचा. नेटिव्ह मोडमध्ये मेलबॉक्स तिकडे न्यायच्या, पब्लिक फोल्डरच्या प्रती तिथे पूर्ण होऊ द्यायच्या आणि मगच जुना सर्व्हर काढायचा. इथे घाई केली, तर एकमेव प्रत जुन्या सर्व्हरसोबतच जाते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: नेटिव्ह मोडमध्ये गेल्यावर परतीची वाट नाही.

पुढे काय झालं?
एक्स्चेंज २००७ ने ही विभागणीच मोडीत काढली. सगळे नवे सर्व्हर एकाच ग्रुपमध्ये जाऊ लागले. त्याच्या नावात 'एफवायडीआयबीओएचएफ२३एसपीडीएलटी' अशी विचित्र अक्षरं आहेत. प्रत्येक अक्षर आणि अंक एक घर मागे घ्या, 'एक्स्चेंज१२रॉक्स' तयार!