माहिती अधिकार चळवळ
शासकीय कागदपत्रे पाहण्याचा हक्क नागरिकांस मिळावा यासाठी झालेले आंदोलन. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमामुळे गोपनीयता हाच प्रशासनाचा शिरस्ता होऊन बसला होता. महाराष्ट्राचा २००० चा कायदा अपुरा ठरला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ चा अधिनियम आला. माहिती देण्यास विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दररोज २५० रु. दंड ही त्यातील महत्त्वाची तरतूद २००५ च्या केंद्रीय अधिनियमातही आढळते.

ठाणे व कल्याण-डोंबिवली या भागांत अनधिकृत बांधकामे विपुल असल्याने हा हक्क बांधकाम-परवानगीच्या कागदाशी विशेष निगडित झाला. कल्याण-डोंबिवलीत एका वास्तुविशारदाने माहिती अधिकाराखाली कागदपत्रे मिळविली, तेव्हा महानगरपालिकेच्या बनावट परवानग्यांवर इमारतींची ‘महारेरा’ या स्थावर संपदा प्राधिकरणाकडे नोंदणी झाल्याचे दिसून आले. २०२२ मध्ये गाजलेल्या या प्रकरणात अशा ६५ इमारती होत्या. वस्तुतः दिलेल्या परवानग्यांचा तपशील कार्यालयांनी अर्जाची वाट न पाहता प्रसिद्ध करावा, असे २००५ च्या अधिनियमाचे कलम ४ सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. तोवर महारेराच्या नोंदणीवर विसंबून घरे घेतलेली कुटुंबे तेथे राहावयास आली होती.