उत्तरेकडील आखूड उन्हाळा आणि भांगेचें पीक

भांग हें नांव निघालें कीं महाराष्ट्रीय घरांत महाशिवरात्रीची किंवा होळीची आठवण होते, आणि गांजा म्हटलें कीं बैराग्याची चिलीम डोळ्यांपुढें येते. यापलीकडे या झाडाला कांहीं इतिहास असेल, अशी कल्पना सहसा कोणास येत नाहीं. परंतु ज्या देशांत वर्षांतील चार-पांच महिने जमीन बर्फाखालीं गाडलेली असते, त्याच देशांत या झाडानें शेतकऱ्याला वस्त्र, तेल आणि रोकड पैसा दिला, परक्यांचीं आरमारें चालविलीं, आणि राजांना कायदे करावयास लाविलें. हिमालयाच्या पायथ्याशीं रानोमाळ उगवणारें हें झाड उत्तरेच्या आखूड उन्हाळ्यांत कसें टिकलें, आणि त्या उन्हाळ्यानें त्याचा स्वभाव कसा पालटला, हा विषय मोठा बोधप्रद आहे.

प्रथम नांवांचा घोटाळा दूर केला पाहिजे. इंग्रजींतील ‘हेम्प’ हा शब्द हिंदुस्थानांत निरनिराळ्या झाडांस लावला गेला. खरें हेम्प म्हणजे भांगेचें झाड. लिनियस या स्वीडिश पंडितानें १७५३ सालीं त्याला ‘कॅनाबिस सटायव्हा’ असें शास्त्रीय नांव दिलें. ज्याला इंग्रज व्यापारी ‘सन-हेम्प’ म्हणत तो आपला ताग, आणि ज्याला ते ‘डेक्कन हेम्प’ म्हणत ती आपली अंबाडी. ताग हा शेंगाधारी वर्गांतील, अंबाडी ही भेंडीच्या कुळांतील, आणि भांगेचें कूळ या दोहोंहून वेगळें. अंबाडीचीं पानें भांगेच्या पानांसारखीं दिसतात, म्हणून तिच्या शास्त्रीय नांवांत भांगेचें नांव शिरलें आहे, इतकेंच. तिघांच्याहि सालीपासून वाख निघतो, एवढ्यावरून व्यापाऱ्यांनीं त्यांना एका माळेंत ओवलें.

भांगेच्या झाडाची मुख्य खोड ही कीं, तें रात्रीकडे लक्ष ठेवून फुलतें. दिवस मोठा असेपर्यंत तें नुसतें उंच वाढत राहतें. दिवस लहान होऊन रात्र कांहीं ठराविक मर्यादेपलीकडे वाढली म्हणजे त्याला फुलें येऊं लागतात. ही मर्यादा जातीजातीप्रमाणें कमीजास्त असते. मुंबईस वर्षांतील मोठ्यांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा असतो. सेंट पीटर्सबर्ग येथें तोच जवळजवळ एकोणीस तासांचा होतो. म्हणून दक्षिणेकडील बीं उत्तरेंत नेऊन पेरलें, तर झाड जोमानें वाढतें, परंतु रात्र पुरेशी मोठी होण्याची वाट पाहतां पाहतां ऑगस्ट संपतो. मग कोठें तें फुलूं लागतें, आणि बीं पिकण्यास आणखी कांहीं आठवडे हवे असतात तों पाणी गोठविणारी थंडी येऊन सर्व खेळ आटोपतो. ज्याला वाख हवा आहे त्याचें यांत नुकसान नाहीं. कारण वाखासाठीं झाड बीं धरण्यापूर्वींच कापितात. परंतु पुढील वर्षीं पेरावयास बीं कोठून आणावयाचें? उत्तरेकडील शेतकऱ्यापुढील खरा प्रश्न हाच होता.

हा प्रश्न अनेक पिढ्यांनीं मिळून सोडविला. ज्या झाडांचें बीं थंडीपूर्वीं पिकलें, त्यांचेंच बीं दुसऱ्या वर्षीं पेरलें गेलें. जीं उशीर करीत, त्यांचा वंश तेथेंच खुंटला. कोणी हेतुपूर्वक निवड केली नाहीं तरी थंडीनें ती केलीच. अशा रीतीनें उत्तरेंत ठेंगण्या परंतु लवकर पिकणाऱ्या जाती तयार झाल्या, आणि दक्षिणेंत उंच, उशीरां फुलणाऱ्या जाती राहिल्या.

या झाडाची उत्तरेकडील ओळख फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें लिहून ठेविलें आहे कीं, शक लोकांच्या देशांत हें झाड आपोआपहि उगवतें आणि त्याची पेरणीहि होते. तें जवसाच्या झाडासारखें, परंतु त्याहून जाड व उंच असतें. शक लोक लोकरीच्या छोट्या तंबूंत तापलेल्या दगडांवर त्याचें बीं टाकून त्याची वाफ घेत, असेंहि तो सांगतो. ही हकीकत पुष्कळांस दंतकथा वाटे. परंतु १९४७ ते १९४९ या वर्षांत रुडेन्को या रशियन संशोधकानें अल्ताई पर्वतांतील पाझिरिक येथील गोठलेलीं थडगीं उकरलीं, तेव्हां तंबूच्या काठ्या, दगड भरलेलें धातूचें भांडें आणि करपलेलें भांगेचें बीं त्याच्या हातीं आलें. दोन हजार वर्षांहून अधिक काळ बर्फानें हिरोडोटसची साक्ष जपून ठेविली होती.

रशियांतील ओरेल, कुर्स्क, स्मोलेन्स्क, चेर्निगोव्ह या प्रांतांत हें पीक घरोघर होई. भांगेला खत फार लागतें, म्हणून घराशेजारच्या सकस तुकड्यांत ती पेरीत. या झाडांत नर व मादी वेगळीं असतात. नर झाडें आधीं वाळतात; तीं बायका हातानें उपटून घेत, व त्यांचा मऊ वाख घरच्या कपड्यांसाठीं ठेवीत. मादी झाडें बीं पिकेपर्यंत उभीं राहत. त्यांचा वाख राठ, दोरास योग्य. मग पेंढ्या पाण्यांत कुजवून, वाळवून, कांडून व विंचरून वाख काढण्याचें काम हिवाळाभर चाले. बियांपासून तेल गाळीत. रशियन धर्मांत उपवासाचे दिवस पुष्कळ, आणि त्या दिवसांत लोणी व चरबी वर्ज्य. तेव्हां गरिबाच्या घरीं हेंच तेल चाले. एका झाडानें दोर, वस्त्र आणि उपवासाचें तेल अशा तिन्ही गरजा भागविल्या.

इतका वाख पीटरबादशहाच्या किंवा इंग्रजांच्या हातीं पडला नसता, तर जगाच्या इतिहासांत त्याला फारसें स्थान मिळालें नसतें. शिडाच्या जहाजाला दोर किती लागतात याची कल्पना आज येणें कठीण आहे. ट्रॅफल्गारच्या लढाईंत नेल्सन ज्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर होता, त्यावर सुमारें २६ मैल लांबीचे दोर होते. शिवाय शिडांचें कापड आणि फळ्यांच्या फटींत ठासण्याचा जुना वाख हीं वेगळींच. आठव्या हेन्रीनें १५३३ सालीं कायदा केला कीं, नांगरटीखालील दर ६० एकरांमागें पाव एकर तरी जवस किंवा भांग पेरलीच पाहिजे. परंतु इंग्रज शेतकऱ्याला या पिकाचा कंटाळा. खत फार, मेहनत फार, आणि कुजणाऱ्या पेंढ्यांची दुर्गंधि वेगळी. सक्तीनें पीक पेरवितां येतें, त्याची आवड उत्पन्न करतां येत नाहीं. १५५३ सालीं चॅन्सलर नांवाचा इंग्रज खलाशी श्वेत समुद्रांतून रशियास पोंचला, आणि १५५५ सालीं मस्कव्ही कंपनीला सनद मिळाली. तेव्हांपासून वाख विकत घेणेंच इंग्लंडला सोईचें झालें. पुढें १७०३ सालीं पीटरनें सेंट पीटर्सबर्ग वसविलें. मग कालवे व नद्या यांवरून नावांच्या रांगा भांगेचा वाख घेऊन त्या बंदरास येऊं लागल्या. तेथें आणि रीगा येथें सरकारी पारखी गठ्ठा उलगडून माल तपासीत व त्याची प्रत ठरवीत. त्या पारखेवर लंडनचा व्यापारी डोळे मिटून विश्वास टाकी.

समुद्रावर राज्य करणारें राष्ट्र अशा रीतीनें दुसऱ्याच्या शेतांतील झाडाच्या सालीवर अवलंबून राहिलें. १८०७ सालीं टिल्सिट येथें रशियाचा बादशहा अलेक्झांडर यानें नेपोलियनशीं तह केला, आणि इंग्रजी व्यापाराला रशियाचीं बंदरें बंद झालीं. लंडनमध्यें वाखाचे भाव कडाडले. परंतु ज्याचा माल विकला जात नाहीं तोहि सुखी राहत नाहीं. रशियांतील जमीनदार वर्ग वाख, लांकूड व धान्य यांवर पोसलेला; त्याची कुरकुर वाढली. १८१० च्या अखेरीस अलेक्झांडरनें तटस्थ जहाजांना बंदरें मोकळीं केलीं, आणि १८१२ सालीं नेपोलियन रशियावर चालून गेला. त्या मोहिमेचीं कारणें अनेक होतीं; परंतु त्यांत भांगेच्या वाखाचा धागाहि गुंफलेला होता, हें विसरून चालत नाहीं.

या अडचणीचा संबंध हिंदुस्थानापर्यंत पोंचला. रशियन मालाला पर्याय शोधण्यासाठीं ईस्ट इंडिया कंपनीनें येथील वाखांची परीक्षा चालविली. कंपनीचा नोकर रॉबर्ट विसेट यानें १८०४ सालीं भांग व ताग यांवर ग्रंथ छापला. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानांत रॉक्सबर्ग यानें निरनिराळ्या वाखांच्या बळकटपणाचे प्रयोग केले. येथें भांग नव्हती असें नाहीं. गढवाल व कुमाऊंमधील डोंगरी लोक वाख व बीं यांसाठीं ती पेरीत. परंतु सपाटीवरील प्रांतांत तिची लागवड नशेसाठीं होई. गांजासाठीं मादी झाडाचीं बीजरहित फुलें हवींत, म्हणून नर झाडें शोधून उपटून टाकीत. म्हणजे रशियन शेतकऱ्यास जें बीं सोन्यासारखें, तेंच येथील गांजा पिकविणाऱ्यास नको असे. म्हणून कंपनीची नजर तागावर पडली. मुंबईच्या गोदींत इंग्रजी आरमारासाठीं जहाजें बांधलीं जात होतींच. कोट भागांतील ‘रोप वॉक लेन’ हें नांव जुन्या दोरखान्याची आठवण अजून देतें. तागाचे दोर चांगले ठरले, तरी रशियन वाखाची जागा त्यांनीं पूर्णपणें घेतली नाहीं. १८५४ सालीं क्रिमियाचें युद्ध पेटून रशियाचा माल पुन्हां अडला, तेव्हां स्कॉटलंडांतील डंडी शहराच्या गिरण्यांनीं बंगालच्या ज्यूटकडे मोर्चा वळविला. पुढें आगबोटी, पोलादी तारांचे दोर आणि फिलिपाइन्समधील मनिला वाख यांनीं भांगेचें महत्त्व कमी केलें.

झाड लवकर कां फुलतें आणि उशीरां कां फुलतें, याचा शास्त्रीय उलगडा मात्र विसाव्या शतकांत झाला. फ्रान्समध्यें ज्यूलियन तुर्न्वा या तरुण शास्त्रज्ञानें हॉप आणि भांग या झाडांवर प्रयोग केले, आणि हिवाळ्यांत कांचगृहांत पेरलेलीं रोपें अगदीं लहानपणींच फुलतात असें त्याला आढळलें. याचें कारण दिवस आखूड होणें हें नसून रात्र लांबणें हें असावें, असा तर्क त्यानें १९१४ सालीं मांडला. पण पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि त्यांत तो कामास आला. १९२० सालीं अमेरिकेंत गार्नर व अ‍ॅलार्ड यांनीं तंबाखू व सोयाबीन यांवरून हा नियम सर्वमान्य केला. १९२४ सालीं यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिज्ञानें रानटी, ठेंगण्या भांगेचें वर्णन प्रसिद्ध करून तिला ‘रुडेरॅलिस’ असें नांव दिलें. त्या नांवाचा अर्थच उकिरड्यावर व पडीक जागीं उगवणारी. माणसानें भांगेला शोधलें नसून, वस्तीभोंवतालच्या खतावलेल्या जमिनींत तीच माणसाच्या मागोमाग आली, असें निकोलाय वाविलोव्ह या थोर पंडिताचें मत होतें.

वाविलोव्हनें देशोदेशीं हिंडून बियाण्यांचा प्रचंड संग्रह लेनिनग्राडला उभा केला. त्याला सरकारी रोषामुळें कैद झाली, आणि १९४३ सालीं तो सराटोव्हच्या तुरुंगांत मरण पावला. इकडे लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा पडला असतां त्याचे कांहीं सहकारी उपासमारीनें मेले. हाताशीं तांदूळ, गहूं, शेंगदाणे यांचीं बियाणीं होतीं, परंतु त्यांनीं त्यांस हात लाविला नाहीं. पुढें १९९५ च्या सुमारास फिनलंडांतील कुओपिओ येथें कॅलवे व लाक्कोनेन यांनीं याच संस्थेकडून आलेल्या लवकर पिकणाऱ्या उत्तरी भांगेपासून एक ठेंगणी, तेलासाठीं उपयोगी व जवळजवळ नशारहित जात तयार केली. ती ‘फिनोला’ या नांवानें प्रसिद्ध झाली. आणि १९९८ सालीं कॅनडानें औद्योगिक भांगेची लागवड कायद्यानें मोकळी केल्यावर तेथील आखूड हंगामांतहि ती रुजली.

विद्वानांनीं जें अलीकडे नियमांत बसविलें, तें निरक्षर शेतकऱ्यांनीं शतकानुशतकें बियांच्या गाठोड्यांत जपलें होतें. आरमारें बुडालीं, तह मोडले, बादशहा गेले. वर्षाच्या शेवटीं वेळेवर पिकलेलें मूठभर बीं पुढच्या पेरणीसाठीं कोरडें ठेवणें, हें काम मात्र एका वर्षीं चुकलें असतें तरी तो वंश संपला असता. इतिहासाच्या ग्रंथांत या मुठीला फारशी जागा मिळत नाहीं. परंतु उत्तरेंतील भांग आजवर टिकली ती तिच्यामुळेंच.